सेन्सर गेलाय, सर!

आपल्या कॉलेजात वर्षभर सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य कोणतं? पहिला नंबर अर्थातच "आज मेसमध्ये काय आहे?" याचा. (उत्तर सगळ्यांना माहीत असतं, तरी विचारायचं असतं.) पण मार्च-एप्रिल आला, प्रोजेक्ट सबमिशनची तारीख लागली, की दुसऱ्या नंबरावर एकच वाक्य येतं. "सेन्सर गेलाय, सर!"

हे वाक्य फार सोयीचं आहे. त्यात कोणाचाच दोष नसतो. सेन्सर बिचारा काही बोलत नाही. सर म्हणतात, "मग दुसरा आणा." आपण गाडीला किक मारतो आणि बुधवार पेठेत जाऊन दीड-दोनशे रुपयांचा नवीन पीस घेऊन येतो. तो लावतो. मशीन तरीही हलत नाही. मग काय? "हाही डुप्लिकेट निघाला, सर!"

माझं म्हणणं थोडक्यात असं की सेन्सर इतक्या सहजासहजी जात नाही. आणि तो गेलाय की नाही हे बघायची सवय आपल्याला लागत नाही, कारण आपल्याकडे बघण्याला मार्क नाहीत. हे जरा कडू वाटेल, पण वर्कशॉपच्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या कागदाखाली झाकलेलं एक मशीन समोर ठेवून बोलतोय, हवेत बोलत नाही.

ते मशीन म्हणजे सीएनसी राउटर. तीन वर्षांपूर्वीच्या बॅचने बनवलेलं. ॲल्युमिनियम प्रोफाइलची फ्रेम, तीन स्टेपर मोटर, वर लाकूड कोरायचं स्पिंडल, आणि डोक्याच्या जागी अर्डुइनो उनो. त्यात जीआरबीएल नावाचं फुकट मिळणारं फर्मवेअर. (हे फर्मवेअर २००९ मध्ये नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कॉग्सरुड यांनी पहिल्यांदा बाहेर आणलं. जगभरातल्या गॅरेजमधली किती मशीन त्यावर चालतात याची मोजदाद नसेल.) पहिल्या वर्षी या मशीनवर गॅदरिंगच्या सगळ्या ट्रॉफी कोरल्या गेल्या. दुसऱ्या वर्षी ते "कधी चालतं कधी नाही" झालं. तिसऱ्या वर्षी त्यावर लोक डबे ठेवायला लागले. दोन वर्षांत त्याला सहा नवीन सेन्सर लागले. मशीनवर मुळात सेन्सर आहेत तीन!

आता ज्यांचा या भानगडीशी संबंध नाही (सिव्हिलवाले मित्रहो, तुम्हीही वाचा), त्यांच्यासाठी दोन ओळी. मशीन सुरू झालं की त्याला आपण कुठे आहोत हे माहीत नसतं. म्हणून ते प्रत्येक ॲक्सिस हळूहळू एका टोकाला नेतं. तिथे सेन्सर "आलास" म्हणून सांगतो, आणि तो बिंदू मशीन शून्याजवळचा धरतं. याला होमिंग म्हणतात. शिवाय काम चालू असताना गाडा टोकाच्या बाहेर निघाला तर थांबवणंही त्याच सेन्सरचं काम.

आमच्या मशीनवर इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी सेन्सर आहेत, बाजारात ढिगाने मिळणारे एलजे१२ए३ जातीचे. बारा मिलिमीटरचा आटे पाडलेला पितळी नळकांडा, मागून तीन वायरी: तपकिरी, निळी, काळी. आत फेराइटवर गुंडळलेली कॉइल आणि एक ऑसिलेटर. समोर धातू आला की त्यात एडी करंट फिरतात, ते ऑसिलेटरची ताकद खातात, दोलनं मंदावतात, आणि आतलं सर्किट आउटपुट बदलतं. स्पर्श नाही, घासणं नाही. १९५८ साली जर्मनीतल्या मानहाइमच्या पेपर्ल + फुक्स कंपनीत वाल्टर पेपर्ल आणि विल्फ्रिड गेल यांनी असला पहिला स्विच केला. लाकडाच्या भुश्शाला तो ढुंकून बघत नाही, म्हणून राउटरवर तो साध्या मायक्रोस्विचपेक्षा बरा. एवढं व्हायवाला पुरतं. आणि नेमकी तिथेच गाडी अडते, कारण व्हायवाला एवढंच विचारतात.

दिवाळीच्या सुटीनंतर आम्ही तिघांनी ते मशीन उघडलं. आम्ही म्हणजे मी, माझा रूम पार्टनर (इलेक्ट्रॉनिक्स, त्यामुळे स्वतःला डॉक्टर समजतो) आणि वर्कशॉपमधले मामा. मामांचं पद काहीही असो, त्या खोलीत कुठला स्विच कुठल्या लाइनवर आहे हे फक्त त्यांनाच ठाऊक आहे. तिन्ही ॲक्सिसवर "सेन्सर गेलाय" असा शेरा होता. नवा सेन्सर आणायचा नाही असं आम्ही आधीच ठरवलं. पैसेही नव्हते म्हणा.

पहिली तपासणी फुकट असते. सेन्सरच्या मागच्या बाजूला छोटा लाल दिवा असतो. तोंडाजवळ पाना धरा. दिवा लागला तर सप्लाय पोचतोय आणि सेन्सरला धातू दिसतोय. तिन्ही सेन्सरचे दिवे लागले! म्हणजे ज्यांना "गेले" म्हणून मयत घोषित केलं होतं ते तिघेही डोळे मिचकावून आमच्याकडे बघत होते. मामा म्हणाले, "पोरांनो, हे तर जितं हाय. मग दोन वर्षं श्राद्ध कुणाचं घालत होता?"

मग वाय ॲक्सिस. दिवा लागतो, सप्लाय बारा व्होल्ट, सेन्सर कोरा करकरीत, तरी होमिंग करताना "अलार्म ९". म्हणजे मशीन सेन्सर शोधत गेलं आणि तो सापडलाच नाही. जीआरबीएलला प्रश्नचिन्ह पाठवलं की ते आपली स्थिती सांगतं, आणि एखादा लिमिट लागलेला असेल तर 'पीएन' या अक्षरांपुढे त्या ॲक्सिसचं अक्षर दाखवतं. पाना धरला की एक्सचं अक्षर येतं, वायचं येत नाही. म्हणजे सेन्सर बोलतोय, पण कंट्रोलरला ऐकू जात नाहीये. डॉक्टरसाहेबांनी मीटर लावला, निळी आणि काळी या दोन वायरींत. एक्सच्या सेन्सरवर पाना धरला की व्होल्टेज जवळजवळ शून्यावर येतं. वायच्या सेन्सरवर पाना धरला की बारा व्होल्टवर जातं. अगदी उलट!

उलगडा त्या नळकांड्यावरच छापलेला होता. एक्सवर 'बीएक्स' आणि वायवर 'बीवाय'. बीएक्स म्हणजे एनपीएन: धातू दिसला की काळी वायर खाली, ग्राउंडकडे ओढणारा. बीवाय म्हणजे पीएनपी: धातू दिसला की काळीवर सप्लाय ढकलणारा. अर्डुइनोची पिन आतल्या पुल-अपने आधीच वर असते आणि कोणीतरी खाली ओढायची वाट बघते. तिला वर ढकलून काय कळणार? दुकानदाराने "सेमच आहे, घेऊन जा" म्हणून दिला असणार, आणि आणणाऱ्याने रंग आणि आटे बघून घेतला असणार. सहा सेन्सरपैकी किती असे होते देव जाणे. बदललेले जुने पीस कोणी जपून ठेवलेच नाहीत.

इथे त्या मूळ बॅचला सलाम. त्यांनी प्रत्येक काळ्या वायरीत एक साधा डायोड टाकला होता, असा की सेन्सर पिनला खाली ओढू शकेल पण वर ढकलू शकणार नाही. तो नसता तर बारा व्होल्ट थेट पाच व्होल्टच्या पिनवर जाऊन अर्डुइनोच मेला असता. आणि मग शेरा काय आला असता? "अर्डुइनो गेलाय, सर!" (ऑप्टोकपलर लावला तर आणखी उत्तम. पण चार आण्याच्या डायोडने तीन वर्षं पहारा दिला, हे विसरू नका.) मामांच्या डब्यात एक जुना बीएक्स निघाला, तो लावला. वाय चालू.

झेडचं दुखणं वेगळं. कधी लागतो, कधी नाही. सेन्सरवर चार मिलिमीटर अंतर लिहिलंय, आणि कोणीतरी प्रामाणिकपणे मोजून साडेतीन ठेवलं होतं. पण ते चार मिलिमीटर लोखंडासाठी असतात. समोर ब्रॅकेट होतं ॲल्युमिनियमचं, आणि ॲल्युमिनियमला तेच अंतर साधारण एक तृतीयांशावर येतं. लोखंड असलं तरी पूर्ण चारवर भरवसा ठेवायचा नाही. तापमान आणि पीसप्रमाणे फरक पडतो, म्हणून छापील अंतराच्या साधारण ऐंशी टक्क्यांच्या आतच राहायचं, म्हणजे तीन मिलिमीटर किंवा त्याहून कमी. आम्ही मामांकडून लोखंडी पत्र्याचा पंधरा मिलिमीटरचा चौकोनी तुकडा कापून घेतला, ब्रॅकेटवर बसवला आणि अंतर दोन मिलिमीटरवर आणलं. खर्च शून्य. पत्रा स्क्रॅपमधला.

आता एक्स. हा सगळ्यात चावट. एरवी शहाण्यासारखा वागतो, पण स्पिंडल सुरू केलं की पाच-दहा मिनिटांत मधेच "अलार्म १", म्हणजे लिमिट लागला. गाडा टेबलाच्या मधोमध आणि लिमिट कसला लागतोय! अर्धं कोरलेलं लाकूड वाया. इथे आधीच्या कोणीतरी जो इलाज केला होता तो वाचून मला खरंच राग आला. सेटिंगमध्ये $२१ शून्य करून ठेवलं होतं. म्हणजे हार्ड लिमिटच बंद! अलार्म ओरडतो म्हणून त्याच्या तोंडात बोळा. मग त्या मशीनचा गाडा फ्रेमवर आपटून एक कपलिंग निसटलं होतं, त्याचंही खापर "मोटर वीक आहे" म्हणून मोटरवर. त्या वेळी कोणाचा हात त्या टोकाला नव्हता, हे नशीब.

खरं कारण डोळ्यांसमोर होतं, आणि मांडणी दिसायला छान होती. सेन्सरची वायर आणि स्पिंडलची वायर एकाच ड्रॅग चेनमधून, वर प्रत्येक वीतभर अंतरावर केबल टाय. फोटोत मस्त दिसतं. पण ब्रश असलेलं स्पिंडल म्हणजे ठिणग्यांचा कारखाना, आणि अर्डुइनोचा आतला पुल-अप असतो वीस ते पन्नास किलो-ओहमचा, म्हणजे फार मऊ. शेजारच्या वायरीतून उडालेला काटा त्याला क्षणभर खाली ओढायला पुरतो, आणि जीआरबीएल तो काटा खरा मानतं. आम्ही सेन्सरसाठी वेगळी शील्डेड वायर ओढली, शील्ड फक्त कंट्रोलरच्या बाजूला ग्राउंड केली, पिनवर बाहेरून ४.७ किलो-ओहमचा पुल-अप आणि ग्राउंडकडे ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. $२१ पुन्हा एक केलं. त्यानंतर सलग तीन तास लाकूड कोरलं, अलार्म आला नाही.

म्हणजे हिशेब काय? तीन ॲक्सिस, तीन वेगळे दोष. एकदा चुकीची जात, एकदा चुकीचा धातू, एकदा चुकीचा शेजार. मेलेला सेन्सर एकही नाही. सेन्सर कधीच मरत नाही असं मी म्हणणार नाही. गाडा आपटून त्याचं तोंड फुटतं, ड्रॅग चेनमध्ये वाकून वाकून मानेजवळ वायर आतून तुटते, काळी वायर चुकून थेट सप्लायला लागली तर आतला ट्रान्झिस्टर उडतो. पण ते सिद्ध करायलाही दुकानात जावं लागत नाही. एक्सचा सेन्सर वायला लावा आणि वायचा एक्सला. दोष सेन्सरबरोबर सरकला तर सेन्सर, जागेवरच राहिला तर वायरिंग. दहा मिनिटांचं काम.

मग दोन वर्षांत एवढ्या हुशार मुलांनी हे का केलं नाही? मुलं आळशी म्हणून? मला तसं वाटत नाही. आपल्या लॅबमध्ये प्रॅक्टिकल म्हणजे आधीपासून जोडून ठेवलेलं सर्किट, आधीपासून ठाऊक असलेलं उत्तर आणि सीनियरच्या जर्नलमधून उतरवलेली रीडिंग. रीडिंग चुकलं तर कारण शोधायला कोणी सांगत नाही. "पुन्हा घे" म्हणतात, किंवा शेजारच्याचं घे. चार वर्षांत बिघडलेली वस्तू समोर ठेवून "यात काय झालंय ते सांग" असा प्रश्न मला एकदाही आला नाही. सेन्सरची व्याख्या मात्र तीन सेमिस्टरना लिहिली.

दुसरं म्हणजे मीटर. आपल्या लॅबमध्ये मल्टिमीटर आहेत, चांगले आहेत, कपाटात आहेत, कपाट बंद आहे. किल्ली साडेपाचला घरी जाते. आम्हा हॉस्टेलवाल्यांचा प्रोजेक्ट सुरू होतो जेवण झाल्यावर, रात्री नऊला. यात लॅब असिस्टंटचा दोष मी काढणार नाही, एक मीटर हरवला तर त्यांच्या पगाराला कात्री लागते. पण परिणाम असा की ज्या हातात रात्री मीटर नाही तो हात सकाळी दुकानात जातो.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. मी आमच्या गाइड सरांना विचारलं, हेच मशीन पूर्ण दुरुस्त करून, सर्किट डायग्राम काढून, फायनल इयरचा प्रोजेक्ट म्हणून देऊ का? सर मनापासून हसले. म्हणाले, "अरे, मला आवडेल. पण एक्स्टर्नल विचारणार, यात नवीन काय? मी काय सांगू?" सरांची अडचण खरी आहे. म्हणून दरवर्षी एक नवीन सीएनसी, एक नवीन सोलर काहीतरी, एक नवीन रोबो जन्माला येतो, एक्स्टर्नलसमोर वीस मिनिटं चालतो आणि कोपऱ्यात जाऊन बसतो. काही तर जन्मतः तयारच येतात, कुठून ते सगळ्यांना ठाऊक आहे. नवीन करणाऱ्याला शंभर मार्क, चालू ठेवणाऱ्याला शून्य.

यावर एक उत्तर मला हॉस्टेलच्या कट्ट्यावर मिळालं आणि ते टाकाऊ नाही. एक सुपर-सीनियर, सध्या कारखान्यात मेंटेनन्सला, म्हणाला, "बाबा रे, आमच्याकडे लाइन थांबली की आम्ही पण आधी सेन्सरच बदलतो. दोनशे रुपयांच्या सेन्सरसाठी लाइन कोण थांबवेल?" बरोबर आहे. पण पुढे त्यानेच सांगितलं की बदललेला सेन्सर टेबलावर येतो, तपासला जातो, आणि ब्रेकडाउन रजिस्टरमध्ये कारण लिहावं लागतं. तिसऱ्यांदा तोच सेन्सर बदलला तर वरचा माणूस विचारतो. आपण त्यातला फक्त पहिला भाग उचलला. शिवाय कारखान्यात बदलणाऱ्याला वेळ वाचवायचा असतो. आपण इथे चार वर्षं फी भरून वेळ द्यायलाच आलो आहोत ना?

तेव्हा मागण्या. मोर्चा वगैरे काढायचा नाही, इथेच लिहितो. फायनल इयरच्या यादीत दोन-तीन प्रोजेक्ट जुन्या मशीनच्या दुरुस्तीचे असावेत, आणि त्यांचे मार्क कागदावर असावेत: दोष कसा शोधला, काय मोजलं, काय सिद्ध झालं यावर. एक्स्टर्नलना "नवीन काय" सांगायचं तर दोषांची वही दाखवा, तशी वही आपल्या कॉलेजात आजवर नव्हती. रेक्टर सरांच्या ऑफिसमध्ये सही करून दोन मीटर रात्री मिळावेत. कॅरम बोर्ड मिळतो, मग मीटर का नाही? आणि प्रत्येक मशीनच्या झाकणाच्या आतून वायरिंगचा कागद चिकटवलेला असावा. आमच्या राउटरवर आता आहे, लॅमिनेट करून. कुठली वायर कुठल्या पिनला, सेन्सर बीएक्सच घ्यायचा, झेडचं अंतर दोन मिलिमीटर, $२१ ला हात लावायचा नाही. शेवटची ओळ मामांनी लाल पेनाने स्वतः लिहिली आहे.

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण डेड स्टॉक. जूनमध्ये तपासणी आहे आणि राउटर "नादुरुस्त, निर्लेखित करावे" या यादीत गेल्या वर्षीच चढलंय. ती यादी झाली तेव्हा ते खरोखर बंद होतं, त्यामुळे यादी करणाऱ्यांना बोल लावता येत नाही. आम्ही अर्ज दिलाय, सोबत तीन तास चाललेल्या कामाचा नमुना म्हणून कॉलेजच्या बोधचिन्हाची सागवानी पाटी जोडली आहे. अर्ज ऑफिसात इनवर्ड झालाय, नंबर पडलाय, उत्तर यायचंय. तोवर मशीन चालू आहे. शनिवारी दुपारी दोननंतर मामा वर्कशॉप उघडं ठेवतात. बिघडलेलं काही असेल तर घेऊन या, फक्त येताना नवीन सेन्सर आणू नका.